सुमिएच्या नावाचं कार्ड

सुट्टीच्या मंगळवारी मी निप्पोरीला उतरतो.
टॅक्सी डेपोत. पांढरे हातमोजे खिशात.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी ठाणं,
गळ्यापर्यंत पांघरूण ओढून
कुणाची तरी वाट बघणारी.

आज एक चेनच घ्यायची आहे. पंधरा सेंटीमीटर, राखाडी.
एवढंच.
दर वेळी एवढंच असतं.

मग हात लागतो. हाताला कोण सांगणार?
दुपदरी मलमल, तान्ह्याच्या टाळूसारखी.
लिनन, आधी ओळखही न दाखवणारं,
चार धुण्यांनंतर घरचं होणारं.
आणि हे, बगळ्यांचं.
काठावर रंगांचे गोल ठिपके, मोजले : सात.
सात रंग लागले एका पांढऱ्या पक्ष्याला.
कापड स्वतःच कबूल करतं, काठावर,
जिथे शिवणाऱ्याशिवाय कोणी बघत नाही.

"कशासाठी हवंय?" मोगी-सान विचारतात.
कापायच्या आधी नेहमी विचारतात.
"बायकोला. ब्लाउज शिवतेय."
नऊ वर्षं सुमिए ब्लाउज शिवतेय.
सुमिए, जी बटण तुटलं
तर शर्टाची फडकी करते.

कार्डही तिच्याच नावाचं.
फॉर्म भरताना मागे दोन शाळकरी मुली उभ्या होत्या,
माझ्या अंगावर गणवेश होता,
पेन तिच्या नावाकडे वळलं.
जन्मतारीखही तिचीच घातली.

मोगी-सान ठाण टेबलावर उलटतात, धप्, धप्,
आणि कात्री उघडी धरून नुसती पुढे ढकलतात,
पहाटे चार वाजता गाडी जावी तशी,
एकही सिग्नल न लागता.
वर दहा सेंटीमीटर फुकट. "त्यांचा हात चुकला तर."
एकदा माझ्या टोचलेल्या तर्जनीकडे न बघता
सुयांची पुडी पुढे सारली :
"मोठ्या नेढ्याच्या. पन्नाशीनंतर बऱ्या पडतात.
त्यांना."

पूर्वी मी आरशात चेहरे बघायचो, आता कॉलर बघतो.
परवा मागच्या सीटवर एक साहेब फोन कानाला लावून
न बोलता रडत होते.
मी त्यांच्या खांद्याची शिवण बघत होतो :
हाताची, जुनी, दंडावर उतरलेली.
कोट बापाचा असेल
किंवा माणूस आटला असेल.
आमच्या धंद्यात विचारत नाहीत.

शिवतो न्हाणीघराबाहेरच्या बोळात,
कपडे धुवायचं मशिन लावून,
म्हणजे एका घरघरीत दुसरी बुडते.
"किती धुतोस," सुमिए म्हणायची.
शिवलेलं डेपोतल्या लॉकरात जायचं.
इनागाकी डबा आणतो ती पिशवी माझी.
"वहिनींचा हात सुरेख," तो सांगतो सगळ्यांना.
मी मान लववतो,
वहिनींच्या वतीने.

मागच्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं.
सुमिए-सामांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.
वर्षभरात त्रेपन्न मीटर खरेदीबद्दल आभार.
या महिन्यात वीस टक्के सूट.

मी आलो तेव्हा ते फ्रिजवर होतं,
कचऱ्याच्या वारांच्या तक्त्याशेजारी, चुंबकाखाली.
ती पाठमोरी, मुळा किसत होती.
मी बूट काढले. बराच वेळ काढले.
"त्रेपन्न मीटर," ती किसणीला म्हणाली.
मुळा संपत आला,
तिची बोटं किसणीजवळ पोचली, थांबली.
"माझ्या राखाडी स्कर्टची चेन गेलीय.
टाकून देणार होते."

"कशासाठी?" मोगी-सान चेन हातात धरून विचारतात.
"बायकोला," मी म्हणतो,
आणि कानांच्या पाळ्या तापतात.
नऊ वर्षं सफाईने बोललेलं खोटं
खरं बोलताना जिभेला अडखळलं.

त्यांनी चेन कागदी पाकिटात घातली.
मग बगळ्यांचं ठाण ओढलं, दोन मीटर मोजले,
कात्री उघडली.
"आणि हे?"

मागे कोणी तरी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
कात्री उघडीच आहे.