भूमिका

चिठ्ठी उघडली तर आत एक देश निघाला,
समुद्र नसलेला, चारी बाजूंनी डोंगर.
निकुंभ सर म्हणाले, पंधरा तारखेला धुळ्यात
तू म्हणजे हा देश.
विषय : आश्रय मागणाऱ्यांची सामायिक वाटणी.
चार मिनिटं. घंटा झाली की थांबायचं.

साक्रीच्या वाचनालयात बसून
मी त्या देशाचं म्हणणं गोळा केलं.
आम्ही कोणाला बोलावलं नाही.
ज्यांच्या किनाऱ्याला बोट लागली त्यांनी बघावं.
आकडा वरून येणार असेल तर आमची सही नाही,
माणसांऐवजी पैसे भरा म्हणाल तर तेही नाही.
हा लोंढा आमच्या घडणीला पेलणार नाही.
तंबू लागले तर कळवा,
तंबू आम्ही पाठवू.

तंबूचं वाक्य मला आवडलं होतं.
त्याखाली दोनदा रेघ मारली.

रात्री ओट्यावर उभी राहून म्हणून दाखवलं.
बाप्पू निघालेच होते, खांद्यावर फावडं,
पहाटे तीनला मधल्या फडाची पाळी.
पांझरेच्या या बंधाऱ्यावर तीस वर्षं पाटकरी;
कोणाच्या वाफ्यात किती बोटं पाणी उभं आहे
ते अंधारात तळपायाने सांगतात.
सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच :
"पोरी, लोंढा कधी दार ठोकस का?"

मला वाटलं, आता ते फडाचं सांगतील.
गावात प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात,
पाणी कमी पडलं की एक फड पडीक ठेवायचा,
सगळ्यांचं थोडं बुडतं,
एकट्याचं सगळं बुडत नाही.
शेवटच्या मिनिटाला छान बसलं असतं.
मी पेन उघडून थांबले.

"आपली बी भूमिका व्हती," ते म्हणाले.

वरच्या अंगाला धरण झालं त्या साली
चार घरं उतरून आली होती.
एक शेळी, पत्र्याची पेटी,
प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला सातबारा,
पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा.
त्यांच्यातला गुंज्या नावाचा बोलका होता.
पडीक फड एका हंगामापुरता मागितला, बस.
पंचांनी वही काढली.
वहीत नावं पणज्यापासूनची.
त्यांचं नाव नव्हतं.
कोणी आवाज चढवला नाही.
चहा दिला. बाजरीचं अर्धं पोतं दिलं.

"तो आपला तंबू," बाप्पू म्हणाले,
आणि फावड्याच्या दांड्यावरून हात फिरवत राहिले.

ती माणसं रात्रभर बंधाऱ्याखाली होती.
तीनला बाप्पू पाण्यावर गेले तेव्हा
तीन दगडांमध्ये राख, अजून ऊन,
माणसं नव्हती.
त्या पहाटे नेमकं पाणी वाढलं होतं.
सगळे फड भिजवून उरलं.
उरलेलं त्यांनी नदीत सोडलं.
हे त्यांनी तेव्हा कोणाला सांगितलं नाही,
आईलासुद्धा नाही.

धुळ्यात सभागृहात पंखे जोरात होते.
माझ्यापुढे पुठ्ठ्याची पाटी, त्यावर माझं नाव नाही, देशाचं.
किनाऱ्याचा देश झालेला शिरपूरचा मुलगा
माझ्याकडे बघून बोलला, खरंच चिडून.
मी उठले. माननीय अध्यक्ष,
ज्यांना भूमी नाही त्यांच्याबद्दल आमच्या देशाची भूमिका,
इथे माझी जीभ अडखळली;
हे दोन शब्द इतके जवळचे आहेत
हे कागदावर लिहिताना दिसलं नव्हतं.
मग मी पुढे वाचलं.
सगळं वाचलं, एक ओळ गाळली नाही,
तंबूसकट.

दुसरा क्रमांक आला.
ढाल घरी कोनाड्यात ठेवली, फडाच्या वहीशेजारी;
जागा तेवढीच होती.

बाप्पू पाय धूत होते.
पाटाचं दार असल्यासारखं विचारलं,
"उघाडं का मंग त्या देशनी?"

नाही, म्हटलं.
घंटा झाली.