ठिपक्यांची रेघ

अखंड रेघ म्हणजे आहे ते.
ठिपक्यांची रेघ म्हणजे होईल ते.
एवढं समजावून मी खाली बसलो
शाळेच्या जुन्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून,
आणि पाद्री विगारांनी पंखा एका आकड्याने उतरवला,
नकाशा फडफडू नये म्हणून.

मी डिचोलीचा. तीन दिवस टेप घेऊन हिंडलो होतो
सासष्टीतल्या या इगर्जीभोवती.
पहिल्या दिवशी सवयीने चपला काढू लागलो,
तर साक्रिस्तांव तिबुर्सियु म्हणाला, "असू देत रे,
आमचा देव पायांकडे बघत नाही."
टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं, एक्क्याऐंशीव्या वर्षी,
आणि जिथे थांबलो तिथे काही ना काही निघालं:
इथे काझमीर माडावरून पडला.
इथे माझं लग्न ठरलं. मोडलं ते त्या पायरीवर.
मी लिहीत गेलो:
अठरा पूर्णांक चार. बावीस पूर्णांक एक.

सभेत आकडेच बोलले.
शाळेत नऊ मुलं. छपराला अकरा लाख.
दफनभूमीत मुक्काम तीन वर्षांचा,
मग हाडं भिंतीतल्या कोनाड्यात,
आणि कोनाडेही भरत आलेले,
कारण स्विंडनला गेलेल्यांना मरणानंतर इथेच यायचं असतं.
"जगायला नाही," इश्कोलास्तिकबाई म्हणाल्या.
कोणी हसलं नाही.
खजिनदार आंसेल्मने भाटाचा भाव सांगितला
खालच्या आवाजात, डॉक्टर आजार सांगतो तसा.
विकावं. विकू नये. अर्धं विकावं.
माड किती? मी उठून सांगितलं: त्रेसष्ट, त्यांतले सात वांझ.
पार्किंग हवंच, लग्नाच्या गाड्या शेतात उतरतात.
वृद्धाश्रम हवा.
"बांधा लवकर," मागून कोणीतरी, "आम्ही रांगेत आहोत."

मग जेविना उठली, सतरा वर्षांची, हातात हेल्मेट.
"पोर्तुगालचा पासपोर्ट किती जणांकडे आहे?"
हात वर होईनात. मग एक झाला.
मग भाताच्या लोंब्या वाऱ्यावर उठाव्यात तसे.
मोजायची माझी सवय. मोजले. सांगितले नाहीत.
"मग हा नकाशा कुणासाठी काढलाय?"

दारापाशी सुशील केरकेट्टा उभा होता, गुमल्याचा गवंडी,
रविवारी नऊच्या हिंदी मिस्साला येणारा,
आज खुर्च्या लावायला बोलावलेला.
नऊ मुलांतली चार त्याच्या वस्तीची.
नखांत सिमेंट.
पाद्रींनी त्याला विचारलं (मला वाटतं,
जेविनाकडे बघायचं टाळण्यासाठी),
"तुला रे काय हवं?"
तो बराच वेळ गप्प. मग तोडक्या कोकणीत:
शाळेची चावी संध्याकाळी मिळेल का.
"कशाला?"
बायकांना बसायला. एका खोलीत आम्ही सातजण.
इथे पंखा आहे.

अकरा लाखांच्या तक्त्यात चावीला रकाना नव्हता.
विषय पुढच्या महिन्यावर गेला, भाट, छप्पर, कोनाडे, सगळंच.
खुर्च्या रचून झाल्यावर तिबुर्सियुने
कमरेची जुडी सोडली, कडी दातांनी फाकवली
आणि एक चावी काढून सुशीलच्या खिशात टाकली.
ठराव नाही, अनुमोदक नाही.
आंसेल्म वहीत मान घालून काहीतरी लिहीत राहिला,
पेनाचं टोपण तसंच लावलेलं.

निघताना माझ्या डिकीत एक नीरफणस आला,
इगर्जीमागच्या झाडाचा,
जे मी पार्किंगच्या ठिपक्यांमध्ये गाडलं होतं.
घरी सुमतीने रवा लावून कापं तळली.
हात धुऊन मी नकाशा पसरला
आणि झाडाचं वर्तुळ अखंड रेघेने गिरवलं.
साडेतीन गाड्या कमी बसतील.
अर्धी कुणाची, विचारतील.
विचारू देत.