शिंपल्यांचा हिशेब

स्वयंपाकघराच्या दारामागे भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
हार्डवेअरच्या दुकानातून दर जानेवारीत फुकट मिळणारं.
त्यावर नजर टाकल्याशिवाय
बाबा बटाटेसुद्धा लावत नाहीत.
बटाट्यांना भरतीचं काय पडलंय, तुग्दुआलने विचारलं होतं एकदा.
"त्यांनाच विचार," म्हणाले, आणि खुरपं घेऊन बाहेर.

फेब्रुवारीत वादळ ओसरलं की
तुग्दुआल ट्रेलर भरून समुद्रशेवाळ आणतो,
चामड्याच्या ओल्या पट्ट्यांसारखं,
त्यात उड्या मारणाऱ्या किड्यांसकट.
आठवडाभर घराला किनाऱ्याचा वास.
एनोराची लिओंहून आलेली मुलं नाक दाबून जेवतात
आणि जूनमध्ये तेच बटाटे
खारं लोणी लावून मागून मागून खातात.
वास कुठे गेला, कुणी विचारत नाही.

वारा इथे न बोलावता येतो
आणि आला की जेवूनच जातो.
गेल्या मे महिन्यात घेवड्याची अख्खी ओळ
एका रात्रीत, मिठाने, कडेकडेने तपकिरी.
बाबांनी नवं बी पेरलं, शिवी न देता.
आई असती तर तिने दिली असती,
दोघांच्या वाटची.

आईचं हायड्रेंजिया दगडी भिंतीपाशी.
ते लावलं तेव्हा मी सहा वर्षांची, झारी माझ्याकडे,
अर्धं पाणी माझ्याच बुटांत.
निळं फुलायचं.
खलाशाचा सदरा पन्नास धुण्यांनंतर होतो ना,
तसं निळं.

यंदा गुलाबी आलं.

एनोरा फाटकातच थांबली, हातात केकचा खोका.
"काय केलंत तुम्ही त्याला?"
बाबांनी टोपी काढली, परत घातली,
परत काढली.

रोपवाटिकेतल्या मादाम बोतोरेल म्हणाल्या,
आंबट मातीत निळं, चुना गेला की गुलाबी.
कुणी शिंपले टाकतं का तिथे?

तेव्हा उलगडलं.
चार वर्षं, रविवारमागून रविवार,
आमच्या गाड्या वळणापलीकडे गेल्या की,
भांडी विसळून झाली की,
बाबा उरलेली कालवांची कवचं पोत्यात घालून
हातोडीने कुटायचे
आणि तिच्या मुळाशी पसरायचे.
गोगलगायी येऊ नयेत म्हणून, म्हणाले.
मग थोड्या वेळाने, कुणी काही विचारलं नसताना,
"तिला कळायला नको का
कोण कोण होतं जेवायला?"

एनोरा काही बोलली नाही.
केक कापला तिने, वेडावाकडा,
सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या ताटलीत.

फूल निळं करायची पुडी मीच आणली होती शहरातून.
ती शेडमधल्या फळीवर आहे अजून,
सुतळीचा गुंडा आणि जुन्या होडीची चावी
यांच्यामध्ये, न फोडलेली.
होडी विकून नऊ वर्षं झाली.

बाबा म्हणतात, शेजाऱ्यांच्या बाजूची एक फांदी
अजून निळी आहे.
मला ती जांभळी दिसते.
मी वाद घालत नाही.

आज अकरा माणसं, पाच डझन कालवं,
एकाला अंगठ्यावर जखम, नेहमीप्रमाणे तुग्दुआलला.
एनोराचा धाकटा, मालो, पाच वर्षांचा,
टेबलाखालून बादली घेऊन निघाला,
एकेक कवच टाकत, मोजत.
एकोणतीसवर अडला, पुन्हा एकपासून.
खिडकीतून दिसत होते दोघं:
तो उकिडवा, बाबा वाकलेले, हात कमरेवर,
"खोडाला चिकटून नको रे, जरा लांब,
तिला श्वास घेऊ दे."

मी नळ बंद केला.
वेळापत्रकात ओहोटी चार चाळीसला.
हातोडी कुठे ठेवलीय
ते फक्त त्यांना माहीत.