निरंक

वनखात्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी आकडे टाइप केले.
बुद्धपौर्णिमेला मचाणावर जागलेली माणसं
सकाळी चुरगळलेले कागद आणून देत,
घामाने ओले, बिडीने भोक पडलेले,
आणि त्यातून मी काढायची: सांबर एक्केचाळीस,
रानगवे सात, अस्वलं दोन, किंवा एकच दोनदा आलेलं.
जे पाणवठ्यावर फिरकलंच नाही त्याच्यासमोर
शून्य टाकायचं नाही, मोहरीलसाहेब सांगत,
शून्याच्या मागे कोणी काहीही जोडतं.
लिहा, निरंक.

मोझांबिकचा व्हिसा आला तेव्हा
गिट्टीखदानची अख्खी गल्ली विचारायची,
बाई, तिकडे कायले चालल्या?
भाचा तिथे ढोरं राखतो, म्हटलं.
खोटं नव्हतं फारसं.
सौमित्र हत्तींच्या गळ्यात पट्टे बांधतो.

सोळा वर्षं लढाई चालली होती त्या देशात.
सैनिकांनी झेब्रे खाल्ले, म्हशी खाल्ल्या,
हस्तिदंत देऊन काडतुसं घेतली,
मग मारायलाच काही उरलं नाही
तेव्हा जंगल शांत झालं.
फर्नांदो सांगत होता, पोर्तुगीजमधून,
आणि सौमित्र मागोमाग मराठीतून.
तेव्हा तो चौदाचा होता, खांद्यावर बंदूक.
आता त्याच जंगलात गस्तीवर, खिशात वही.

वही मी मागून घेतली.
भाषा कळली नाही, रकाने कळले.
पानंच्या पानं नुसती आडवी रेघ.
मग एका पानावर, पेन्सिलीने, १.
खोडलेला.
त्याच्याच शेजारी पुन्हा लिहिलेला, जरा दाबून.

संध्याकाळी हत्तीण आली. तिला सुळे नव्हते.
सुळेवाल्या मेल्या, या उरल्या, फर्नांदो म्हणाला,
हिच्या लेकीलाही नाहीत.
तिने गाडीकडे बघून कान पसरले.
त्याने इंजिन बंद केलं, टोपी काढली,
आणि दोनच शब्द बोलला.
सौमित्रने त्यांचं मराठी करायला बराच वेळ घेतला.
ओळखते मला.

मग समुद्र. दोन दिवस रस्ता,
शेवटी रस्ताही नाही, नुसतं गवत आणि खारा वारा.
मी नागपूरची. आमच्या झिरो माइलच्या दगडावर
चांदा आहे, जबलपूर आहे, शिवनी आहे.
समुद्र किती मैल, ते कोणी कोरलेलं नाही.
इथे भेळेची गाडी नव्हती, घोडा नव्हता,
स्ट्रॉ खुपसलेला एक शहाळाही पडलेला नव्हता.
मनुष्यप्राणी: निरंक, असं मनात टाइप केलं,
तर ओल्या वाळूत पावलं दिसली.
माझीच.
लाटेने तीही खोडली,
आणि दाबून पुन्हा लिहायला मी उठले नाही.
पाय पाण्यात होते. बरं वाटत होतं.

नागपूरला उतरले तर सेहेचाळीस डिग्री.
कूलरला नवा वाळा लावून झाला होता,
गल्लीत कोणाकडे तरी फोडणीचा ठसका.
दुर्पता झाडू मारता मारता थांबली,
बाई, तुमच्या बॅगीतून रेती सांडून राह्यली,
कन्हानची होय का?
नाही म्हटलं, जरा पुढची आहे.
फेकू का?
राहू दे म्हणेपर्यंत तिने अर्धी सुपलीत भरलीसुद्धा.

परवा बुद्धपौर्णिमा झाली.
ऑफिसातून आता कोणी बोलावत नाही.
गच्चीवर परातीत पाणी ठेवलं,
खुर्ची टाकली, वही घेतली, रकाने आखले.
अडीचपर्यंत: मांजर एक, सावजींचं.
वटवाघळं, मोजता आली नाहीत.
खालचे सगळे रकाने मी तसेच ठेवले,
पेनाचं टोपणही काढलं नाही.
टाकीमागे कसलीशी खसखस होत होती
आणि उजाडायला अजून वेळ होता.