वारं प्यालेली गाडी

आमच्या बेटावर झाड नाही.
एक होतं, शाळेमागे, माझ्या गुडघ्याएवढं,
तेही पूर्वेकडे आडवं होऊन वाढलेलं.
घरं बुटकी, पश्चिमेला पाठ करून बसलेली.
बायका कपडे वाळत घालतात ते मोजून,
काढतात तेही मोजून.
ऑर्कनीच्या नकाशात आम्ही अगदी वरच्या कडेला,
जिथे घडी पडून कागद फाटतो.

पवनचक्की आमची आहे. म्हणजे खरंच आमची,
बहात्तर घरांनी मेंढ्या विकून, कर्ज काढून उभी केलेली.
तिची राखण माझ्याकडे.
आणि राखण म्हणजे काय, तर बहुतेक वेळा
भर वाऱ्यात तिला थांबवणं.
समुद्राखालून गेलेली तार बारीक.
ती भरली की पलीकडून निरोप येतो:
बेटावर खपेल तेवढी चालवा, बाकी बंद.
रात्री बेटावर खपतं काय? चार फ्रिज, एक दीपस्तंभ.
मी बंद करतो.
पाती उभी राहतात,
आणि वारा त्यांच्यामधून निघून जातो,
जेवायला आलेल्याला दारातूनच परत लावावं तसा.

थोरा ड्रेव्हरला हे बघवेना.

थोरा सत्त्याहत्तरची. घराच्या भिंतींत तिने
स्वतःच्या मेंढ्यांची लोकर ठासून भरली आहे.
दाराशी एक पेटी घरघरत असते,
बाहेरच्या गारठ्यातून आत ऊब ओढणारी.
"गारठ्यातही ऊब असते," ती म्हणते, "उपसणारा हवा."
अंगणात जुनी निळी विजेची गाडी. एकच आरसा शाबूत.

"वाऱ्याने माझं काय काय नेलंय, मोज," ती मला म्हणाली.
"एक्केचाळीस कोंबड्या, खुराड्यासकट.
गवताच्या दोन गंज्या. चर्चची टोपी.
एडविन."
एडविन तिने टोपीनंतर सांगितला, त्याच आवाजात.
"आत्ता कुठे परत द्यायला लागलाय,
आणि तू दार लावून घेतोस?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला ती गाडी काढते.
काम काही नाही.
बेटाला एकच रस्ता, अकरा मैलांचा,
निघतो तिथेच येऊन पोचतो.
धक्का, दीपस्तंभ, दफनभूमी, शाळा, पुन्हा धक्का.
बॅटरी रिकामी होईपर्यंत फिरते,
रात्रीच्या वाऱ्याला जागा हवी म्हणून.

समितीत हसू झालं.
रोनाल्ड स्काटर मास्तरांनी फळ्यावर हिशेब मांडला:
एका गाडीपायी चक्की जास्तीची फिरणार
तीन मिनिटं. तीही पुरती नाहीत.
थोरा म्हणाली, "तीन तर तीन."

वारं प्यालेलं वासरू उधळतं, शेपटी वर करून.
ही गाडी वारं पिऊन
मेंढीनेसुद्धा मान वर करू नये
इतक्या बेताने जायची.

नोव्हेंबरात कुणीतरी तिच्या फाटकाला चिठ्ठी खोचली:
फिरतेसच, तर ही अंडी दीपस्तंभाकडे.
मग औषधं. मग उशिराच्या बोटीने उतरलेली नर्स.
मग टॉर्किलचा पोरगा, व्हायोलिनच्या शिकवणीला,
दर मंगळवारी रडका चेहरा घेऊन.
ती कुणाला नाही म्हणाली नाही.
फक्त दफनभूमीपाशी वेग कमी करायची.
मागे बसलेले तेवढं गप्प राहायला शिकले.

मार्चमध्ये मास्तरांनीही एक गाडी आणली. जुनीच, हिरवी.
त्यांना हिशेब कुणी विचारला नाही.

काल रात्री एक वाजून दहाला निरोप आला.
खिडक्या दातांसारख्या वाजत होत्या.
मी उठलो.
खाली अंधारात दोन अंगणांत
दोन बारीक दिवे लुकलुकत होते. गाड्या पीत होत्या.
तीन आणि तीन सहा, असं मी मनात धरलं,
आणि किटलीत पाणी भरून तीही लावली.
तिचंही काहीतरी धरावं लागेल.

पाणी उकळेपर्यंत
मी बटणाला हात लावला नाही.