सहावी ताटली

सहा ताटल्या. प्रत्येकीच्या पाठीवर कोरलेलं:
"चि. सौ. कां. प्रिस्का हिस मामांकडून, २-५-८१."
अक्षर वाकडं, कारण कोरणारा घाईत
आणि मामा शेजारी उभे, भाव करत.

दर नाताळात त्या घोरपडीच्या आमच्या इमारतीत
जिना चढतात, क्रोशाच्या रुमालाखाली
करंज्या, चकली, केकचा तुकडा.
(केकमध्ये अंडं आहे, हे मी दारातच सांगते.)
आणि परत येतात. कुणाकडून साखर,
कुणाकडून तिळाची वडी.
रिकामी ताटली कुणी परत करत नाही.
एवढा धर्म आमच्या जिन्यावर सगळ्यांचा एकच.

जुलैत मांडणी पुसताना मोजल्या. पाच.
पुन्हा मोजल्या. पाच.
म्हणजे पोतनीसांकडे राहिली, तिसरा मजला.
सात महिने!
चप्पल न घालताच निघाले,
ओठांवर वाक्य जुळवत,
गोड, पण लागेल असं.
त्याच रविवारी पाळकसाहेब शेजाऱ्याबद्दल बोलले होते.
मी मान डोलावली होती,
मनात मात्र, गॅस बंद केला का?

दार उशिरा उघडलं.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, बनियन उलटा,
आत उतू गेलेल्या दुधाचा करपट वास.
काकू फेब्रुवारीत गेल्या.
तेव्हा आम्ही सगळे होतो, स्मशानापर्यंत.
दहा दिवस चहाची किटली खालीवर करत होती.
मग आपापली दारं.

ताटली टेबलावर. घासलेली, लख्ख.
"ती म्हणाली होती, रिकामी देऊ नका,"
पोतनीस म्हणाले,
"आणि मला कळेना, हिच्यात घालायचं काय."

खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
तोफगोळ्यांचा हिशेब ठेवलेला माणूस.

माझं वाक्य जिन्यातच कुठेतरी पडलं असावं.
मी गॅस पुसला.
ताटलीत त्यांच्या गोळ्या वेगळ्या केल्या,
सकाळच्या इकडे, रात्रीच्या तिकडे.
पिवळी आणि पांढरी त्यांना सारखीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ताटलीतून उपमा गेला.
म्हणाले, मीठ कमी.
तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही.
चौथ्या दिवशी मीठ घालून गेले.

असंच चाललंय. ऑगस्टात पाण्याच्या मोटरवरून भांडलो,
आठवडाभर ताटली वरच.
गणपतीत उतरली, मोदक घेऊन, विकतचे.
एकदा तर नुसता बटाटा. एकच. धुतलेला.
ओट्याला टेकून मी इतकी हसले
की पदरानं डोळे पुसावे लागले.

पट्टी निघाल्यावर तपासणीला नेताना
रेल्वे फाटक पडलं. मालगाडी.
रिक्षातून वाकून ते डबे मोजत राहिले,
शेवटच्या डब्यापर्यंत.
"बावन्न," म्हणाले, "एकही पुसट नाही."
मी मोजले नव्हते. बावन्नच असतील.

कागदी चांदणी मी सहा जानेवारीला उतरवते,
वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकते.
यंदाही टाकीन. धूळ तरी किती बसते तिच्यावर.

मांडणीत आता पाचच असतात.
पुसताना सवयीनं मोजते.
पाच.
बरोबर.