कब्जेदार सदरी

बदली होऊन आलो, दप्तर ताब्यात घेतलं,
आणि धुळीत पहिलंच पान हाती लागलं ते गट नंबर एकशे चौदाचं.
कब्जेदार सदरी :
ग्रूबर ब्रदर्स आणि कंपनी, राहणार लिव्हरपूल.
क्षेत्र एक हेक्टर बारा आर.
वारस नोंद नाही. शेरा नाही.

कोतवाल म्हणाला, साहेब, ते तं गुरुवारचं वावर.
कोणाचं?
गुरुवारचं जी. सारे तसंच म्हणतात.

गेलो पंचनाम्याला.
चिमणी उभी आहे, पण अर्धीच.
वरच्या विटा गावाच्या न्हाण्यांत आणि चुलींत गेल्या.
दाबाच्या खड्ड्यात हिरवं पाणी, बेडूक.
तुळईवर एक साल कोरलेलं,
शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला.
कंपनीला नेमकी किती वर्षं झाली
ते त्या एका आकड्यापायी सांगता येत नाही.

पंच क्रमांक एक, पैकूजी मेश्राम.
वय अंदाजे नव्वद. त्यांच्या मते शंभर.
"साहेबाचं नाव कोणाच्या जिभेवर बसे नाई.
ग्रूबर. गुरुबर. गुरबार.
मंग गुरुवार झालं, मंग सोपं झालं.
साहेब काई आला नाई कधी. त्याचा दलाल ये.
रुमालाखाली हात धरे, अशी बोटं दाबे.
दोन बोटं म्हणजे भाव. अंगठा दाबला का कट्ती.
पण भाव तं रात्रीच तारेनं येऊन राहे.
बोटं आपली उगीच भेटत."

माझी मावशी आत रुई निवडे, एवढं म्हणाले,
आणि खोकून दाखवलं,
तिच्यासारखं. बराच वेळ.

पंच क्रमांक दोन, फुलमता टेकाम.
त्यांच्या घरी एक रत्तलाचं वजन आहे,
लोखंडी, वर मुकुट, झिजून वाटाण्याएवढा.
दुधाच्या झाकणावर ठेवतात.
"राणीले बसवलं का मांजर येत नाई."
जप्त करायचं का, असा प्रश्न मनात आला.
लिहिलं नाही.

आणि जिथे गाठी रचायच्या त्या ओट्यावर
टिनाचं छप्पर, घंटा, दत्ताचं देऊळ.
मूर्ती नाही. फ्रेममध्ये कागद आहे,
ताग्यावर चिकटून आलेलं लेबल,
इथली रुई गेली त्या गावाहून परत आलेलं.
तीन शिरं, सहा हात, गाय बरीचशी घोड्यासारखी.
कुत्री तीनच. छापणाऱ्याला चौथं माहीत नसावं.
ते गावानं पुरवलंय,
उंबऱ्यावर झोपलेलं, कान फाटलेलं, खरं.

खाली सोनेरी अक्षरांत दोन शब्द : वार तीस.
म्हणजे कापड किती, ते.
इथं आरती संपली की
बायका, पोरं, कोतवालसुद्धा
हात जोडून एका सुरात म्हणतात,
वार तीस.
का म्हणतात ते विचारलं.
पहिल्यापासून म्हणतात.

मी नोटीस काढली नियमाप्रमाणे,
कब्जेदाराने तीस दिवसांत हजर व्हावे.
टपालखात्यानं परत पाठवली :
अशा नावाचे येथे कोणी नाही.
मग नोटीस चिमणीला डकवली.
दुपारच्या वाऱ्यानं ती पिंपळापर्यंत नेली.

रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी थांबते हल्ली.
आतला तरुण मोबाईलवर उपग्रहातून हे वावर पाहतो,
खाली उतरत नाही.
त्याच्या कंपनीचं नाव मी दोनदा विचारलं.
पोरांनी एव्हाना त्याचं सोपं करून टाकलंय,
शनवार.

पंचनामा वाचून दाखवला.
चतुःसीमा, झाडं, विहीर, देऊळ, कुत्रं एक.
फुलमताबाईंनी सही केली, टेकाममधला ट मोठा काढून.
पैकूजींपुढे शाईचा डबा सरकवला.
त्यांनी अंगठा टेकवला, दाबला,
आणि तसाच दाबून धरून
माझ्याकडे पाहत विचारलं,
"कट्ती किती जी?"